अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंची भरती आणि पैसे : सारखे विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, ठाणे, इकडे एडिसन, डॅलस, सगळीकडून पालकांचे मेसेज येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. माझी स्वतःची भाची या भरतीतून गेली आहे, तिचं काय झालं ते प्रश्न ८ मध्ये आहे. नियम गेल्या काही वर्षांत इतके बदललेत की २०२० च्या आधीचा कुणाचा अनुभव आज जवळजवळ उपयोगाचा नाही, हे आधीच सांगते.

१. एनसीएए म्हणजे काय? आणि डिव्हिजन १, २, ३ हा दर्जा आहे की अजून काही?

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांची मिळून बनलेली खेळांची संघटना, १९०६ पासूनची. सरकारी खातं नाही ते, कॉलेजं सभासद आहेत आणि नियम तीच कॉलेजं बनवतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं यातूनच आलीत.

डिव्हिजन १ मध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत, टीव्हीवर दिसतं ते सगळं इथलं. डिव्हिजन २ मध्ये स्कॉलरशिप असते पण बहुतेक वेळा अर्धीमुर्धी. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, पण मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते आणि ती कधीकधी डिव्हिजन २ पेक्षा चांगली निघते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून "खालची डिव्हिजन" म्हणून नाक मुरडू नका. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे) डिव्हिजन १ मध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाही. हे सांगितलं की अर्ध्या पालकांना धक्काच बसतो.

२. एवढा पैसा आहे तर खेळाडूंना इतकी वर्षं पगार का नव्हता?

याचं उत्तर लांब आहे पण वाचा, कारण अन्याय कुठून सुरू झाला ते इथे कळतं.

"स्टुडंट-अॅथलीट" हा शब्द ऐकायला किती छान वाटतो. तो १९५० च्या दशकात एनसीएएचे त्यावेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स आणि त्यांच्या वकिलांनी रुजवला आणि त्यामागे भीती होती. खेळताना मुलगा जखमी झाला किंवा गेला आणि कोर्टाने त्याला कामगार ठरवलं तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, ही भीती. १९५५ मध्ये कोलोरॅडोत फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून वारला. त्याच्या बायकोने कामगार म्हणून भरपाई मागितली आणि १९५७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, कारण काय तर कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही. बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच या सगळ्या व्यवस्थेवर कडक टीका केली.

"धंद्यात नाही" म्हणणाऱ्या याच कॉलेजांच्या संघटनेने २०१० मध्ये पुरुष बास्केटबॉलच्या एका स्पर्धेचे टीव्ही हक्क १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला विकले. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये फुटबॉल कोच जिम्बो फिशरला काढलं तेव्हा करार मोडल्याबद्दल त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं, म्हणजे न शिकवण्याचे पैसे. आणि मैदानावर डोकं फोडून घेणाऱ्या मुलाला फी, राहणं, जेवण, पुस्तकं, बस. कुणी बाहेरून चार पैसे घेतले तर त्याच्यावर बंदी. रेगी बुशला २०१० मध्ये आपली हाइजमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते ती) याच कारणाने सोडावी लागली, ती २०२४ मध्ये परत दिली. तुम्हीच सांगा कोण चुकलं होतं.

३. मग हे बदललं कसं? सरकारने कायदा केला का?

कायदा थोडा, कोर्ट जास्त. यूसीएलएचा जुना बास्केटबॉल खेळाडू एड ओबॅनन याने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःला पाहिलं, तीच उंची, तोच नंबर, तीच टक्कल केलेली डोक्याची ठेवण, आणि त्याला एक पैसा नाही. २००९ मध्ये त्याने केस केली आणि २०१४ मध्ये जज क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. या बाईंचं नाव पुढे परत येणार आहे.

मग २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता आलं पाहिजे, बाकीची राज्यं मागोमाग. आणि जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऑल्स्टन केसमध्ये ९ विरुद्ध ० असा निकाल दिला. ती केस खरं तर शिक्षणाशी जोडलेल्या मदतीपुरती होती (वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंत बक्षीस देता येतं ते तिथूनच आलं), पण जस्टिस कॅव्हानॉ यांनी वेगळं मत जोडून साफ म्हटलं की बाजारभावाने मोबदला न देण्याचं आपसात ठरवणं दुसऱ्या कुठल्याच धंद्यात चाललं नसतं. दहा दिवसांत, १ जुलै २०२१ ला, एनसीएएने एनआयएल, म्हणजे हे स्वतःच्या नावावर कमावणं, मोकळं केलं.

४. एनआयएल म्हणजे पगारच ना?

नाही. एनआयएल म्हणजे नाव, चेहरा आणि ओळख वापरू देण्याचे पैसे. बुटांच्या कंपनीची जाहिरात, इन्स्टावरची पोस्ट, लहान मुलांचा कॅम्प, सही केलेले टी-शर्ट असं. हे पैसे कॉलेज देत नाही, बाहेरचा देतो.

निदान कागदावर तरी असं होतं. प्रत्यक्षात झालं काय, की श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी "कलेक्टिव्ह" नावाचे गट काढले, पैसे गोळा केले, आणि जाहिरातीच्या नावाखाली सरळ खेळाडू आणायला वापरले. म्हणजे ज्या गावात पैसेवाले चाहते जास्त त्या कॉलेजची टीम भारी. आता ६०० डॉलरच्या वरचं प्रत्येक डील "एनआयएल गो" नावाच्या यंत्रणेत दाखवावं लागतं, डेलॉइटने ती बांधली आहे, आणि कॉलेज स्पोर्ट्स कमिशन बघतं की डील खरं व्यावसायिक आहे का आणि रक्कम बाजारभावात बसते का. मला व्यक्तिशः हे अर्धवट वाटतं, कारण कोचच्या पगाराचा बाजारभाव कुणी असा तपासत नाही.

५. हाउस सेटलमेंट काय आहे? आता कॉलेज थेट पैसे देतं म्हणतात ते खरं का?

खरं आहे. ग्रँट हाउस हा अॅरिझोना स्टेटचा स्विमर आणि सिडोना प्रिन्स ही बास्केटबॉल खेळाडू, यांनी २०२० मध्ये केस केली. ६ जून २०२५ ला त्याच जज विल्कन यांनी समझोत्याला मान्यता दिली. त्यात मुख्य गोष्टी तीन.

एक, २०१६ पासून खेळलेल्यांना मागची भरपाई, साधारण २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत. दोन, १ जुलै २०२५ पासून समझोत्यात सामील असलेलं कॉलेज आपल्या खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि हा आकडा पुढे वाढत जाणार. तीन, स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी टीममध्ये किती जण ठेवायचे याची मर्यादा (रोस्टर लिमिट) आली. ही तिसरी गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते पण आपल्या मुलांवर सगळ्यात जास्त परिणाम तिचाच होतोय, प्रश्न ८ बघा.

"देऊ शकतं" हा शब्द नीट वाचा. द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि वरची मर्यादा कॉलेजांनीच वकिलांसोबत बसून ठरवली आहे, खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून नाही. माझा या समझोत्यावर मुख्य आक्षेप हाच आहे.

६. म्हणजे माझ्या मुलीला स्विमिंग / टेनिस / अॅथलेटिक्समध्ये पण पैसे मिळतील?

स्कॉलरशिप मिळू शकते. वाट्याचे रोख पैसे धरून चालू नका.

मागच्या भरपाईचा जो फॉर्म्युला आहे त्यात मोठ्या कॉलेजांसाठी साधारण ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के पुरुष बास्केटबॉलला, ५ टक्के महिला बास्केटबॉलला आणि उरलेले ५ टक्के बाकी सगळ्या खेळांना मिळून. बरीच मोठी कॉलेजं नवीन वाटाही याच अंदाजाने करतायत. म्हणजे स्विमिंग, टेनिस, गोल्फ, व्हॉलीबॉल, जिम्नॅस्टिक्स सगळे त्या शेवटच्या ५ टक्क्यांत. ज्या केसला एका स्विमरचं नाव आहे तिच्यातून स्विमरांना सगळ्यात कमी मिळावं याचं मला फार वाईट वाटतं. बाजू मांडणारे म्हणतात की पैसा फुटबॉल आणतं तर पैसा फुटबॉलला जावा, आणि ज्यांचं अंग त्यात झिजतं ती बरीचशी मुलं गरीब घरातली आणि कृष्णवर्णीय असतात, हे खरंच आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण मुलींचं गणित वेगळं आहे, त्यावर खालचाच प्रश्न.

७. मुलींना समान पैसे द्यायचा कायदा आहे ना अमेरिकेत? टायटल नाइन?

आहे, १९७२ पासून. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही असा. खेळाच्या स्कॉलरशिपना तो लागू होतो यात वाद नाही. वाद आहे तो नवीन वाट्याला लागू होतो का यावर. जानेवारी २०२५ मध्ये बायडन सरकारच्या शिक्षण खात्याने म्हटलं लागू होतो, फेब्रुवारीत ट्रम्प सरकारने ते पत्रक मागे घेतलं. आणि समझोता मंजूर झाल्या झाल्या काही महिला खेळाडूंनी भरपाईच्या वाटणीवर अपील केलं.

"मुलींचे सामने कोण बघतं" असं जे लगेच म्हणतात त्यांना मी एक आठवण करून देते. २०२१ च्या मार्चमध्ये सिडोना प्रिन्सने (हो, वरचीच) एक छोटा व्हिडिओ टाकला. पुरुषांच्या स्पर्धेत वजनं उचलायला मोठा हॉल भरून सामान, आणि महिलांच्या स्पर्धेत डंबेल्सचा एक छोटा रॅक. एनसीएएचं आधी म्हणणं होतं जागा नव्हती, तिने कॅमेरा फिरवून रिकामी जागा दाखवली. स्पर्धेत जिंकत पुढे गेल्यावर पुरुष टीमच्या कॉन्फरन्सला (एकमेकांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाला) पैसे मिळायचे आणि महिलांना शून्य, हे २०२५ पर्यंत चालू होतं. ज्या खेळाला पन्नास वर्षं विकलंच नाही त्याला विचारायचं तुझी किंमत किती, हा कुठला न्याय.

८. कोचने जागा दिली होती, आता रोस्टर लिमिट म्हणून काढलं. असं करता येतं का?

करता येतं, आणि हे मी घरात पाहिलंय. माझी भाची स्विमर. अकरावीत असताना एका डिव्हिजन १ कॉलेजच्या कोचने तोंडी जागा दिली, तिने बाकीच्या दोन कॉलेजांना नाही कळवलं, आणि बारावीच्या शेवटच्या सेमिस्टरला फोन आला की टीम लहान करावी लागतेय, सॉरी. पोरगी चार दिवस पाण्यात उतरली नाही. सकाळी साडेचारला उठून पूलवर नेणारी तिची आई, माझी बहीण, फोन ठेवून नुसती बसून राहिली होती.

झालं काय ते समजून घ्या. पूर्वी पुरुष टेनिसला साडेचार स्कॉलरशिप होत्या पण टीममध्ये कितीही मुलं ठेवता यायची, म्हणजे बाकीचे "वॉक-ऑन", स्वतःच्या पैशाने. आता टेनिसला १० ची टीम, सगळ्या १० जणांना पूर्ण स्कॉलरशिप द्यायलाही परवानगी, पण अकरावा चालणार नाही. बेसबॉलला ११.७ स्कॉलरशिप होत्या, आता ३४ खेळाडू. फुटबॉल १०५. काही मुलांचा खूप फायदा झाला आणि शेवटच्या रांगेतल्यांची जागाच गेली.

आरडाओरडा इतका झाला की जज विल्कन यांनी मंजुरी अडवून धरली, मग दुरुस्ती झाली. ज्यांना या कारणाने काढलं किंवा जागा देऊन परत घेतली त्यांची यादी करायची आणि ते लिमिटमध्ये मोजायचे नाहीत. पण कॉलेजने त्यांना परत घ्यायलाच पाहिजे असं नाही. भाचीला परत घेतलं नाही. ती आता डिव्हिजन ३ मध्ये पोहते.

तुम्ही आज भरतीत असाल तर कोचला सरळ विचारा : तुमचं कॉलेज समझोत्यात आहे का, टीमची मर्यादा किती, माझ्या वर्षात किती जण घेणार, आणि मी त्या यादीत कितवा. हा प्रश्न उद्धटपणा नाहीये.

९. कोच कधीपासून बोलू शकतो? माझा मुलगा नववीत आहे, मेल केला पण उत्तर नाही.

बहुतेक खेळांत दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन १ चा कोच भरतीबद्दल खाजगी उत्तर देऊच शकत नाही. फुटबॉल, बेसबॉल आणि अजून काही खेळांच्या तारखा वेगळ्या. म्हणजे उत्तर नाही याचा अर्थ नकार नाही. मुलाने मेल पाठवायला बंदी नाही, पाठवत राहा, आणि मेल मुलानेच लिहायचा, बाबांनी नाही. कोचना लगेच कळतं.

१०. तोंडी ऑफर किती पक्की? आणि "फुल राइड" (सगळा खर्च भागवणारी स्कॉलरशिप) चार वर्षांची असते ना?

तोंडी ऑफर दोन्ही बाजूंनी पक्की नाही, प्रश्न ८ वाचलाच असेल. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचं पत्र असायचं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद. त्यावर वर्षं किती लिहिलीत ते बघा. बऱ्याच स्कॉलरशिप अजूनही एकेक वर्षाच्या आणि नूतनीकरणाच्या असतात. "आम्ही कुणाला काढत नाही" असं कोच म्हणाला तर म्हणा, छान, मग चार वर्षं लिहून द्या. आणि तो कोच पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजला गेला तर शब्द त्याच्याबरोबर जातो, कागद तुमच्याकडे राहतो.

११. एका कलेक्टिव्हने मोठी रक्कम कबूल केली आहे. विश्वास ठेवावा का?

कागदावर, वकिलाने वाचलेली, आणि तारखांसकट असेल तर. जेडन रशाडा या फुटबॉल खेळाडूचं फ्लोरिडा विद्यापीठाच्या कलेक्टिव्हबरोबरचं १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचं डील फिसकटलं आणि २०२४ मध्ये तो कोर्टात गेला. त्याच वर्षी मॅथ्यू स्लुका हा फुटबॉल खेळाडू तीन सामने जिंकून टीम सोडून गेला, त्याचं म्हणणं कबूल केलेले १ लाख डॉलर मिळाले नाहीत, कॉलेजचं म्हणणं असं काही ठरलंच नव्हतं. कोण खरं ते मी सांगणार नाही, पण दोन्हीकडे भांडण एकाच गोष्टीवर, नक्की कुणी काय कबूल केलं आणि कुठे लिहिलंय.

१२. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) मुलं बेइमान झालीत असं म्हणतात. तुमचं मत?

कोच हंगाम संपायच्या आत दुसरी नोकरी पकडतो त्याला करिअर म्हणायचं आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने कॉलेज बदललं तर बेइमान, हे मला पटत नाही. पूर्वी बऱ्याच खेळांत बदललं की एक वर्ष बसावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा माफी मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदलता येतं.

पण तोटा सांगते. पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं कॉलेज पुढच्या सत्रापासून स्कॉलरशिप थांबवू शकतं, आणि नवीन जागा न मिळालेली मुलं खूप असतात. क्रेडिट सगळे पुढे जात नाहीत, डिग्री लांबते. आणि बारावीच्या मुलांवर याचा थेट परिणाम झालाय, कोचला तयार २२ वर्षांचा खेळाडू मिळत असेल तर तो १८ वर्षांच्या मुलावर का वेळ घालवेल.

१३. खेळाच्या कोट्यातून श्रीमंतांची मुलं घुसतात हे खरं का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक सरळ गुन्हा. मार्च २०१९ ला ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज उघड झालं, रिक सिंगर नावाचा सल्लागार कोचना पैसे देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू दाखवून नामांकित कॉलेजात घालत होता. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

दुसरी कायदेशीर आहे आणि माझ्या मते जास्त मोठी. हार्वर्डच्या प्रवेश केसमध्ये बाहेर आलं की भरती झालेल्या खेळाडूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना प्रवेश मिळतो, तर एकूण अर्जदारांत तो ५-६ टक्क्यांच्या आसपास. आणि हे खेळ कोणते, तर रोइंग, फेन्सिंग, स्क्वॉश, सेलिंगसुद्धा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाने बोट कुठून आणायची? मुंबईतल्या क्लबांत स्क्वॉश शिकलेली आपली मुलं यातूनच जातात, कष्टाने जातात, त्यांच्या मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही, पण दार कुणासाठी उघडं आहे ते दिसतंच.

१४. भारतातला एजंट ३-४ लाख मागतोय, "अॅडमिशन + स्कॉलरशिप गॅरंटी". द्यावे का?

गॅरंटी शब्द ऐकला की उठा. स्कॉलरशिप फक्त कॉलेज देतं. आणि स्कॉलरशिपचे टक्के कापून घेणाऱ्याशी करार केला तर मुलाची पात्रताच अडचणीत येऊ शकते. काम घरी होतं : सामन्यांचे व्हिडिओ, रँकिंग किंवा टायमिंग, नववीपासूनच्या मार्कशीट, एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरची (खेळाडू पात्र आहे का ते ठरवणारं कार्यालय) नोंदणी, आणि पन्नास-साठ कोचना नीट लिहिलेले मेल. डिव्हिजन १ साठी १६ ठरावीक विषय आणि २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो, सॅट या प्रवेशपरीक्षेची अट २०२३ पासून काढली आहे (कॉलेजची स्वतःची असू शकते).

आपली माणसं या वाटेने गेली आहेत. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला खेळली आणि पुढे रोहन बोपण्णाबरोबर एशियन गेम्सचं मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता. सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ ला व्हर्जिनियाकडून एनसीएए सिंगल्स जिंकलं.

१५. बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा) खेळला तर चालेल? बक्षिसाचे पैसे घेतले तर?

इथे आपली मुलं सगळ्यात जास्त अडकतात. शाळा संपल्यावर बहुतेक खेळांत एक वर्षाची सूट असते, टेनिसला फक्त सहा महिने. त्यानंतर अधिकृत स्पर्धा खेळत राहिलात तर कॉलेजच्या चार हंगामांतला एक जाऊ शकतो. बारावी कधी संपली ही तारीख ते बोर्डाच्या कागदावरून बघतात, तुम्ही मनाने ठरवलेली नाही.

बक्षिसाबद्दल, टेनिसला कॉलेजआधी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत आणि वर फक्त खर्चापुरतं, असा नियम बरीच वर्षं होता, त्याला २०२४ मध्ये एका खेळाडूने कोर्टात आव्हान दिलं. जाहिरातीतून लाख डॉलर चालतात आणि जिंकून मिळवलेले चालत नाहीत, हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण तुमच्या मुलापुरतं, प्रत्येक स्पर्धेची पावती, प्रवासखर्च, कोचची फी सगळं जपून ठेवा आणि पैसे घेण्याआधी एलिजिबिलिटी सेंटरला लेखी विचारा.

१६. दुखापत झाली तर? स्कॉलरशिप जाते का, दवाखान्याचं कोण भरतं?

ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा खर्च खेळ संपल्यावरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो. दोन वर्षं चांगली, पण गुडघा चाळिशीत बोलतो. मोठ्या कॉन्फरन्समध्ये दुखापतीमुळे स्कॉलरशिप काढता येत नाही, बाकी कॉलेजांत करारातली वर्षं आणि अटी नीट बघा (प्रश्न १०).

१७. मग खेळाडू कर्मचारी आहेत की नाहीत, एकदाचं सांगा.

अजून ठरलेलं नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ मध्ये युनियनसाठी प्रयत्न केला, २०१५ मध्ये कामगार मंडळाने निर्णय द्यायलाच नकार दिला. डार्टमथच्या बास्केटबॉल टीमने मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली, पण वर्षाच्या शेवटी अर्ज मागे घेतला. जुलै २०२४ मध्ये जॉन्सन केसमध्ये फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की नुसतं "हौशी" म्हटल्याने खेळाडू कर्मचारी नाही असं होत नाही, कामाचं स्वरूप बघा.

नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला २० तास सराव. पण प्रवास त्यात धरत नाहीत, फिजिओ धरत नाहीत, आणि "ऐच्छिक" सराव किती ऐच्छिक असतो ते कुठल्याही खेळाडूला विचारा. एनसीएएचंच म्हणणं आहे की २ टक्क्यांहूनही कमी मुलं पुढे व्यावसायिक होतात. मग बाकीच्या ९८ जणांना त्या चार वर्षांतच काय ते मिळायला हवं आणि ते मागायला संघटना हवी, असं माझं ठाम मत आहे.

१८. एनआयएलवर टॅक्स लागतो का? स्कॉलरशिपवर?

एनआयएलवर लागतो, आणि धंद्याचं उत्पन्न धरून वर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही लागू शकतो. मिळालेल्या प्रत्येक चेकचा एक तृतीयांश बाजूला ठेवायची सवय लावा. फुकट मिळालेली गाडी, बूट याचीही किंमत उत्पन्नात धरतात. स्कॉलरशिपचा फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त, राहण्या-जेवणाचा करपात्र. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांचा त्या करपात्र भागावर सहसा १४ टक्के आधीच कापतात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, रिटर्न भरताना विसरू नका.

१९. मुलगा एफ-१ व्हिसावर आहे. टीममधल्या सगळ्यांना एनआयएल मिळतंय, त्याने घ्यावं का?

अमेरिकेत असताना त्यासाठी काही "काम" केलं, म्हणजे शूट, पोस्ट, सह्यांचा कार्यक्रम, तर ते परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर केलेलं काम ठरू शकतं आणि त्याची शिक्षा व्हिसा स्टेटस जाणं ही आहे. टीममधल्या अमेरिकन मित्राचं बघून कधीच करू नका, त्याचा फार तर दंड, तुमच्या मुलाचं विमान.

पर्ड्यूचा झॅक एडी सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम बास्केटबॉल खेळाडू होता, पण तो कॅनडाचा, त्यामुळे बाकी स्टार करतात तसं त्याला करता आलं नाही. केंटकीचा ऑस्कर शिबवे काँगोचा, त्याने २०२२ मध्ये टीम बहामाला गेली तेव्हा तिथे, अमेरिकेच्या बाहेर, डील्सचं काम उरकलं. आपल्याकडची मुलं सुट्टीत घरी आल्यावर भारतातल्या भारतात जाहिरात करू शकतात, पण पैसे कुठल्या खात्यात, करार कुठे सही केला, पोस्ट कुठून टाकली, सगळ्याची नोंद ठेवून.

२०. आणि कॉलेजनेच वाट्याचे पैसे देऊ केले तर? कॉलेज म्हणजे कॅम्पसवरचंच काम ना?

हा युक्तिवाद मला तीन पालकांनी पाठवलाय. कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं हे बरोबर, पण ते नोकरीला चालतं आणि कॉलेजं तर म्हणतात खेळाडू कर्मचारी नाहीत (प्रश्न १७). म्हणजे कॉलेज एकीकडे म्हणतं हे कामाचे पैसे नाहीत, आणि व्हिसा अधिकारी ते कामाचेच धरू शकतो, आणि या दोघांच्या मध्ये तुमचा मुलगा. काही कॉलेजं परदेशी खेळाडूंना म्हणूनच कमी देतात किंवा देतच नाहीत, मैदानावर तास मात्र सारखेच.

सही करण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसच्या डीएसओकडून (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणारा अधिकारी) लेखी उत्तर घ्या, कोच किंवा अॅथलेटिक खात्याकडून नाही, आणि कॉलेजचा नसलेला, तुमचा स्वतःचा इमिग्रेशन वकील एकदा तरी गाठा. तोपर्यंत जे द्यायचंय ते स्कॉलरशिपमध्ये वाढवून मागा : राहणं, जेवण, उन्हाळ्याची फी, ५,९८० डॉलरचं शैक्षणिक बक्षीस. स्कॉलरशिप हा एफ-१ चा जुना, मळलेला रस्ता आहे, आणि मागितल्यावर देणारे कोच मी पाहिलेत.